साउंड ब्लास्टर झेड, डेबियन १२: कार्ड दिसतंय, आवाज नाही

मुका_स्पीकर:
मशीन: रायझन ५, बी४५० बोर्ड, डेबियन १२, कर्नल ६.१, केडीई. सोबत विंडोज १०, ड्युअल बूट.
कार्ड: क्रिएटिव्ह साउंड ब्लास्टर झेड, मॉडेल एसबी१५००, पीसीआय-एक्स्प्रेस. लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड.
विंडोजमध्ये झकास वाजतं. लिनक्समध्ये साउंड सेटिंगात कार्डाचं नाव येतं, गाणं लावलं की पट्टी नाचते, पण स्पीकरमधून हूं की चूं नाही. पल्सऑडिओ काढून पाइपवायर टाकून झालं, फरक शून्य. नेटवर निम्मे लोक म्हणतात, क्रिएटिव्ह लिनक्सला सपोर्ट देत नाही, विषय संपला. खरंच संपला का?

कर्नलकट्टा:
पाइपवायर, पल्स यांना तूर्तास हात लावू नका. ते आवाजाचे सर्व्हर, सगळ्यात वरचे मजले. पट्टी नाचते म्हणजे तिथपर्यंत आवाज पोचतोय. घोळ खाली आहे.

‘सपोर्ट नाही’ या शब्दाखाली लोक तीन वेगळी दुखणी घालतात. पहिलं, कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, त्या चिपचा ड्रायव्हरच नाही. दुसरं, ड्रायव्हर आहे, पण चिपच्या पोटात घालायची फर्मवेअरची फाइल डिस्कवर नाही. तिसरं, दोन्ही आहे, पण तुमच्या कार्डाचा सबसिस्टम आयडी (नेमक्या मॉडेलचा क्रमांक) ड्रायव्हरच्या यादीत नाही, त्यामुळे कुठली पिन कुठे जाते ते त्याला कळत नाही. तिघांचे इलाज वेगळे, म्हणून आधी निदान.

हे चालवा आणि आउटपुट इथे टाका:

१. एलएसपीसीआय -एनएनके. यात ऑडिओ डिव्हाइसच्या खाली सबसिस्टमची ओळ आणि ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ.
२. एप्ले -एल. अल्साला, म्हणजे कर्नलच्या आवाज-यंत्रणेला, कोणती कार्डं, कोणत्या क्रमांकानं दिसतात.
३. सुडो डीमेसेज, म्हणजे कर्नलची नोंदवही. त्यातल्या एसएनडी, एचडीए, सीए०१३२ आणि फर्मवेअर हे शब्द असलेल्या ओळी.
४. स्पीकर-टेस्ट -डी प्लगएचडब्ल्यू:१,० -सी २ -टी वेव्ह. इथला १ म्हणजे दुसऱ्या पायरीत आलेला कार्डाचा क्रमांक. ‘डिव्हाइस बिझी’ आलं तर गाणं थांबवून पाच-सात सेकंद थांबा. काही वाजत नसेल तर पाइपवायरचा व्यवस्थापक वायरप्लंबर साधारण ५ सेकंदांनी कार्ड सोडतो.

चौथ्या पायरीत ‘फ्रंट लेफ्ट, फ्रंट राइट’ ऐकू आलं तर दोष वरच्या मजल्यावर. नाही आलं तर खाली.

मुका_स्पीकर:
१. आयडी ११०२:००१२, सबसिस्टम ११०२:००२३, ड्रायव्हर एसएनडी_एचडीए_इंटेल.
२. कार्ड ० ग्राफिक्सचं एचडीएमआय. कार्ड १ क्रिएटिव्ह, सीए०१३२ अ‍ॅनालॉग.
३. सीटीईएफएक्स-डेस्कटॉप.बिन आणि सीटीईएफएक्स.बिन, दोन्हींसाठी ‘फर्मवेअर: फेल्ड टू लोड’, शेवटी -२.
४. टेस्ट बिनतक्रार चालते, आवाज नाही.
इंटेलचा ड्रायव्हर का लागलाय? बोर्ड एएमडीचा आहे. तिथेच गडबड आहे का?

कर्नलकट्टा:
नाही, ते बरोबर आहे. एसएनडी_एचडीए_इंटेल हे नाव ऐतिहासिक. एचडी ऑडिओचं मानक इंटेलनं २००४ मध्ये आणलं, त्या मानकानं चालणारा कुठलाही कंट्रोलर, मग एएमडीचा असो, एनव्हीडियाचा असो की क्रिएटिव्हचा, हाच ड्रायव्हर घेतो. त्याच्यावर कोडेकचा, म्हणजे आवाजाच्या चिपचा, वेगळा मॉड्यूल बसतो. तुमच्याकडे तो सीए०१३२ चा, म्हणजे क्रिएटिव्ह ज्याला साउंड कोअर३डी म्हणतं ती चिप.

तुमचं दुखणं क्रमांक दोन. -२ म्हणजे ‘अशी फाइल नाही’. या चिपमध्ये आवाज डीएसपीतून, म्हणजे आवाजावर प्रक्रिया करणाऱ्या भागातून, जातो, आणि डीएसपीचा प्रोग्राम कार्डावर कायमचा साठवलेला नसतो. दर वेळी चालू होताना ड्रायव्हर तो डिस्कवरून उचलून चिपमध्ये भरतो. फाइल नसली तरी कोडेक ओळखला जातो, मिक्सर तयार होतो, कार्डाचं नाव झळकतं. वाट मात्र मध्येच तुटलेली. म्हणून सगळं ठीक दिसतं आणि आवाज नाही.

साउंड ब्लास्टर झेडचा सपोर्ट ४.१८ कर्नलपासून आहे, २०१८ सालापासून. तेव्हा नेटवरच्या त्याआधीच्या ‘विषय संपला’वाल्या चर्चा सोडून द्या.

इलाज:

डेबियन १२ पासून फर्मवेअरसाठी नॉन-फ्री-फर्मवेअर असा वेगळा विभाग आहे. /ईटीसी/एपीटी/सोर्सेस.लिस्ट मध्ये ‘मेन’च्या पुढे तो शब्द आहे का बघा, नसेल तर घाला आणि एपीटी अपडेट करा. मग एपीटी-फाइल हे पॅकेज टाकून, त्याचीही यादी अपडेट करून, सीटीईएफएक्स-डेस्कटॉप.बिन शोधा. ज्या पॅकेजात सापडेल ते इन्स्टॉल करा. पॅकेजात नसेल तर कर्नल.ऑर्गवरच्या लिनक्स-फर्मवेअर भांडारातून तेवढी एक फाइल घ्या आणि /लिब/फर्मवेअर मध्ये ठेवा, मालक रूट, परवानगी ६४४. फाइल जशीच्या तशी ‘रॉ’ दुव्यावरून उतरवा. ब्राउझरमधून पान सेव्ह केलं तर .बिन नावाची एचटीएमएल फाइल हाती येते, आणि मग डीएसपी रुसतो. ‘फाइल’ कमांडनं तपासा, ‘डेटा’ यायला हवं.

नुसती सीटीईएफएक्स.बिन ठेवून भागवू नका. डेस्कटॉपवाली सापडली नाही तर ड्रायव्हर तिच्याकडे वळतो, पण ती या कार्डासाठी बनवलेली नाही.

त्यानंतर /बूट मधल्या तुमच्या कर्नलच्या कॉन्फिग फाइलमध्ये सीए०१३२ शोधा. दोन ओळी हव्यात: कोडेकची, ‘एम’ किंवा ‘वाय’ असलेली, आणि शेवटी डीएसपी असलेली, ती ‘वाय’च. स्वतः कर्नल बांधणाऱ्यांची ही दुसरी ओळ हमखास राहते.

दोन_ओएस_दोन_डोकी:
वर एक भर, नाहीतर धागाकर्ते उद्या परत येतील. रीबूट करू नका, मशीन पूर्ण बंद करा. पीएसयूच्या (वीजपुरवठ्याच्या डब्याच्या) मागचं बटण बंद, अर्धा मिनिट थांबा, मग चालू.

कारण असं की विंडोजचा ड्रायव्हर डीएसपीत स्वतःचा प्रोग्राम भरून ठेवतो. विंडोजमधून ‘रीस्टार्ट’ दाबून थेट लिनक्समध्ये आलात तर स्लॉटची वीज मध्ये जातच नाही, चिप आधीच्याच अवस्थेत असते, आणि लिनक्सच्या ड्रायव्हरला तिच्यात नवा प्रोग्राम भरताना अपयश येतं. डीमेसेजमध्ये ‘फेल्ड टू डाउनलोड डीएसपी’ दिसेल. लोक मग फर्मवेअरवर शंका घेतात, फाइल चार वेळा बदलतात. फाइल ठणठणीत असते.

विंडोजमधून बाहेर पडताना: शटडाउन /एस /टी ०. ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर साधं शट डाउन अर्धवट असतं. या कमांडनं पूर्ण होतं.

मुका_स्पीकर:
फाइल टाकली, पीएसयू बंद करून चालू केलं. डीमेसेजमध्ये आता ‘सीए०१३२ डीएसपी डाउनलोडेड अँड रनिंग’. फेल्डची एकही ओळ नाही. स्पीकर-टेस्ट मात्र अजून मुकीच. स्पीकर मागच्या हिरव्या जागी.

खुंटी_पिळा:
डीएसपी जागा झाला म्हणजे मोठं काम झालं. आता मिक्सर.

अल्सामिक्सर -सी १ उघडा. रकान्याखाली ‘एमएम’ म्हणजे म्यूट, ‘००’ म्हणजे चालू. एम दाबून बदलतं. मास्टर आणि फ्रंट दोन्ही ‘००’ करा, पट्टी ७०च्या आसपास.

मग उजवीकडे सरकत जा. ‘आउटपुट सिलेक्ट’ नावाचा रकाना सापडेल. त्यात दोनच पर्याय, स्पीकर्स आणि हेडफोन. या कार्डावर दोन्ही एका वेळी वाजत नाहीत, रिलेनं अदलाबदल होते. हा रकाना हेडफोनवर असेल तर मागचं जॅक गप्प. बाणानं स्पीकर्सवर आणा. बदलताना कार्डातून बारीक ‘टक’ ऐकू येतं, तो रिले, घाबरू नका.

त्याच्या जवळच ‘एचपी/स्पीकर ऑटो डिटेक्ट’ आहे. तो चालू असला की तुमची निवड बाजूला ठेवून जॅकवरून ठरवलं जातं. तो म्यूट करा, म्हणजे बंद. ‘सराउंड चॅनेल कॉन्फिग’ २.० वर ठेवा. शेवटी सुडो अल्साक्टल स्टोअर १, म्हणजे पुढच्या बूटला हेच राहील.

‘प्लेएन्हान्समेंट’, ‘क्रिस्टलायझर’, ‘एक्स-बास’ वगैरे बटणं डीएसपीचीच आहेत आणि चालतात. माझं मत विचाराल तर प्लेएन्हान्समेंट बंदच ठेवा. आवाज खराब येतोय अशी ओरड करणाऱ्यांच्या अल्सामिक्सरमध्ये क्रिस्टलायझर चालू सापडतो.

मुका_स्पीकर:
वाजलं! आउटपुट सिलेक्ट हेडफोनवरच होतं. टक झालं आणि लगेच ‘फ्रंट लेफ्ट’.
आता एकच: लॉगिन केल्यावर आवाज दर वेळी मॉनिटरच्या एचडीएमआयकडे पळतो.

खुंटी_पिळा:
पीएव्हीयूकंट्रोल टाका. ‘कॉन्फिगरेशन’ टॅबमध्ये एचडीएमआय कार्डाचा प्रोफाइल ‘ऑफ’ करा. मॉनिटरला स्पीकर नसतील तर ते कार्ड जिवंत ठेवून उपयोग काय. दोन्ही हवी असतील तर डब्ल्यूपीसीटीएल स्टेटस मध्ये सिंकचा, म्हणजे आवाज जिथे जातो त्या आउटपुटचा, क्रमांक बघा आणि डब्ल्यूपीसीटीएल सेट-डिफॉल्ट नंतर तो क्रमांक द्या. तो क्रमांक दर बूटला बदलू शकतो, म्हणून स्क्रिप्टमध्ये कोरून ठेवू नका. निवड एकदा केली की वायरप्लंबर नावानिशी लक्षात ठेवतो.

पुढचं_पॅनेल:
धागा चांगल्या वळणावर आलाय तर माझंही घुसवतो. ऑनबोर्ड रिअलटेक एएलसी८९२, गिगाबाइट बोर्ड, मिंट. मागचं हिरवं जॅक वाजतं, कॅबिनेटच्या पुढचं हेडफोन जॅक मेलेलं. अल्सामिक्सरमध्ये हेडफोनचा रकानाच नाही. फर्मवेअरचा काही संबंध?

कर्नलकट्टा:
फर्मवेअरचा संबंध नाही. रिअलटेकच्या या कोडेकला डिस्कवरून काही भरावं लागत नाही. तुमचं दुखणं तिसऱ्या जातीचं: पिनांचा नकाशा चुकलाय.

एचडी ऑडिओ कोडेकच्या प्रत्येक पिनला ३२ बिटांचा एक आकडा चिकटवलेला असतो. तो बायोस भरतं, ड्रायव्हर वाचतो. /प्रॉक/एसाउंड/कार्ड०/कोडेक#० ही फाइल उघडा. नोड ०एक्स१बी शोधा आणि त्याखालची ‘पिन डिफॉल्ट’ ओळ द्या. एएलसी८९२ मध्ये ०एक्स१४ मागचं हिरवं, ०एक्स१८ मागचा माइक, ०एक्स१९ पुढचा माइक, ०एक्स१बी पुढचा हेडफोन, अशी बहुतेक बोर्डांवर जोडणी असते.

पुढचं_पॅनेल:
०एक्स१बी: पिन डिफॉल्ट ०एक्स४१११११एफ०. ०एक्स१९ लाही तेच.

कर्नलकट्टा:
झालं निदान. सुरुवातीचा ४ म्हणजे ‘या पिनला काहीही जोडलेलं नाही’. बायोसनं तसं सांगितलं, ड्रायव्हरनं विश्वास ठेवला आणि रकानाच बनवला नाही.

आधी स्क्रू ड्रायव्हर, मग कमांड. कॅबिनेटमधून येणाऱ्या वायरीला एचडी ऑडिओ आणि एसी९७ (त्याआधीचं जुनं मानक) अशी दोन टोकं असतात, निदान जुन्या आणि स्वस्त कॅबिनेटना. एसी९७वालं टोक बोर्डावर बसतं, कारण दोन्हींत आठवी पिन कापलेली आहे. पण एचडीच्या जोडणीत चौथी पिन ग्राउंडला जोडलेली असते आणि त्यावरून बोर्डाला कळतं की पुढे एचडी पॅनेल आहे. एसी९७मध्ये ती तशी नसते. एचडीचं टोक लावा, बायोसमध्ये ‘फ्रंट पॅनेल टाइप’ असेल तर एचडी करा, आणि आकडा पुन्हा वाचा. निम्म्या केसेस इथेच मिटतात.

पुढचं_पॅनेल:
माझ्या कॅबिनेटला एकच टोक आहे, त्यावर एसी९७ छापलंय. बायोसमध्ये तो पर्याय नाही.

कर्नलकट्टा:
मग नकाशा आपण लिहायचा. अल्सा-टूल्स-जीयूआय हे पॅकेज टाका, त्यात एचडीएजॅकरीटास्क आहे. वर कोडेक निवडा, ‘शो अनकनेक्टेड पिन्स’ला टिक करा, ०एक्स१बी वर ‘ओव्हरराइड’ आणि ‘हेडफोन’.

त्यात काय भरलं जातं हे समजून घ्या, म्हणजे अंधारात बटणं दाबावी लागणार नाहीत. नेहमीच्या पुढच्या हेडफोनचा आकडा ०एक्स०२२१४०२०. तोडून वाचा: ०२ म्हणजे जॅक आणि पुढच्या बाजूला, २ म्हणजे हेडफोन, १ म्हणजे साडेतीन मिलिमीटरचं जॅक, ४ म्हणजे हिरवा रंग, ० म्हणजे जॅकमध्ये काही घातलंय का ते ओळखता येतं, २० म्हणजे गट २, त्यातला पहिला. माइकचा ०एक्स०२ए१९०५०: ए म्हणजे माइक, ९ म्हणजे गुलाबी, गट ५. गट एकमेकांवर चढू देऊ नका. मागच्या हिरव्याचा आकडा बहुधा ०एक्स०१०१४०१० असतो, म्हणजे गट १. हेडफोनलाही १ दिला तर ड्रायव्हर दोघांना एकाच सराउंड संचातले समजू शकतो.

आता तुमची मेख. एसी९७ पॅनेलमध्ये जॅकमध्ये पिन घातल्याची खूण कोडेकपर्यंत पोचतच नाही. ०एक्स०२२१४०२० भरलंत तर ड्रायव्हर खुणेची वाट बघत बसेल आणि हेडफोन ‘अनप्लग्ड’च दाखवेल. म्हणून सहावा अंक १ करा: ०एक्स०२२१४१२०. एचडीएजॅकरीटास्कमध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड ओव्हरराइड’ला टिक केलं की हाच पर्याय ‘जॅक डिटेक्शन: नॉट प्रेझेंट’ म्हणून मिळतो. किंमत एवढीच की हेडफोन घातला म्हणून मागचे स्पीकर आपोआप बंद होणार नाहीत. पोर्ट हातानं निवडायचा.

‘अप्लाय नाऊ’ दाबताना कार्ड कुणीतरी धरून ठेवलेलं असतं, ते सोडवायला टूल पल्सऑडिओ मारतं. पाइपवायर असेल तर बऱ्याचदा ‘बिझी’ म्हणून हात वर करतं. सरळ ‘इन्स्टॉल बूट ओव्हरराइड’ करून रीबूट करा.

पुढचं_पॅनेल:
हेडफोन वाजला, पोर्ट हातानं निवडावा लागतो, चालेल. ते टूल नक्की कुठे लिहितं? उद्या काढायचं झालं तर?

कर्नलकट्टा:
दोन फाइली. /लिब/फर्मवेअर मध्ये एचडीए-जॅक-रीटास्क.एफडब्ल्यू. नाव फर्मवेअरचं असलं तरी साधा मजकूर:

[कोडेक]
०एक्स१०ईसी०८९२ ०एक्स१४५८ए००२ ०
[पिनसीएफजी]
०एक्स१बी ०एक्स०२२१४१२०

(खरी फाइल अर्थातच रोमन लिपीत.) पहिली संख्या कोडेकची, दुसरी बोर्डाच्या सबसिस्टमची, तिसरी कोडेकचा पत्ता. दुसरी फाइल /ईटीसी/मॉडप्रोब.डी मध्ये, त्यात एसएनडी-एचडीए-इंटेलला ‘पॅच’ म्हणून हेच नाव चार वेळा दिलेलं असतं, एकेका कार्डासाठी एकदा. कोडेकची ओळ जुळेल तिथेच लागू होतं, म्हणून एचडीएमआयला धक्का लागत नाही. दोन्ही फाइली काढल्या, रीबूट केलं की मूळपदावर.

यूएसबी_वाली:
ऑनबोर्ड म्हणजे एचडीएच असं धरून चालू नका. एएलसी४०८० असलेले अलीकडचे महागडे बोर्ड आवाज यूएसबीवरून देतात. एलएसपीसीआयमध्ये ती चिप दिसतच नाही आणि लोक ‘डिटेक्ट होत नाही’ म्हणून धागे काढतात. एलएसयूएसबी बघा. ड्रायव्हर एसएनडी-यूएसबी-ऑडिओ. पुढचं-मागचं जॅक वेगळं दिसत नसेल तर अल्सा-यूसीएम-कॉन्फ हे पॅकेज जुनं आहे, ते वाढवा. एचडीएजॅकरीटास्कचा इथे काही उपयोग नाही.

चाळीतला_टक्स:
माझ्याकडे एक्स-फाय टायटॅनियम पडलंय. तेही सीए०१३२वरच का?

खुंटी_पिळा:
नाही. ती २०के२ चिप, ड्रायव्हर एसएनडी-सीटीएक्सएफआय, कर्नलमध्ये २.६.३१ पासून. फर्मवेअरची भानगड नाही, लावा आणि वाजवा. फक्त ती आतून ४८००० हर्ट्झवर चालते. नुसती ४४१००ची गाणीच ऐकणार असाल तर मॉड्यूलला ‘रेफरन्स_रेट=४४१००’ द्या.

चाळीतला_टक्स:
आणि ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळच येत नसेल तर?

कर्नलकट्टा:
‘कर्नल मॉड्यूल्स’ ओळ असेल तर मॉड्यूल आहे, लागलं नाही. कुणी ब्लॅकलिस्ट केलंय का ते /ईटीसी/मॉडप्रोब.डी मध्ये बघा. ती ओळही नसेल तर आयडीचे चार-चार अंक घेऊन शोधा. नव्या कर्नलमध्ये सापडला तर डेबियनच्या बॅकपोर्ट्समधून कर्नल घ्या. तिथेही नसेल तर ते खरंखुरं पहिलं दुखणं. विंडोजचा ड्रायव्हर ‘रॅप’ करून साउंड कार्ड चालवायची सोय लिनक्समध्ये नाही, त्यात रात्री घालवू नका. यूएसबी ऑडिओ क्लास पाळणारं छोटं कार्ड घ्या, वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

दोन_ओएस_दोन_डोकी:
सीए०१३२वाल्यांसाठी राहिलेलं एक. बोर्डावरच ही चिप असलेल्या रिकॉन३डीआय बोर्डांना वेगळी फाइल लागते, सीटीईएफएक्स-आर३डीआय.बिन. ड्रायव्हर कुठली मागायची ते सबसिस्टम आयडीवरून ठरवतो. आयडी यादीत नसेल तर कार्डाला तो अनोळखी समजतो आणि डीएसपी चालू असूनही आवाज येत नाही.

कर्नलकट्टा:
तशा वेळी यादीत एक ओळ वाढवून घ्यायची. ६.१ मध्ये यादी साउंड/पीसीआय/एचडीए मधल्या पॅच_सीए०१३२.सी या फाइलीत आहे, ‘एसएनडी_पीसीआय_क्वर्क’नं सुरू होणाऱ्या ओळी. त्याच चिपच्या आणि तशाच जॅकांच्या कार्डाची ओळ बघून आपल्या आयडीची लिहा, कर्नल बांधून वाजवून बघा, आणि पॅच लिनक्स-साउंड मेलिंग लिस्टला पाठवा. बांधता येत नसेल तरी हरकत नाही: अल्सा-इन्फो हे स्क्रिप्ट ‘--नो-अपलोड’ लावून चालवा, तयार झालेली फाइल जोडा, कार्डाचं पूर्ण मॉडेल आणि कुठलं जॅक वाजतं, कुठलं नाही, एवढं लिहा. मेल साध्या मजकुरात पाठवा. एचटीएमएल मेल त्या लिस्टवर पोचत नाही.